मॉडिफाइड प्लेअरचं परीक्षण व्हायलाच हवं

‘आतले भाग बदलून घेतलेल्या (मॉडिफाइड) डिस्क प्लेअरचं परीक्षण म्हणजे एका नगाचं परीक्षण, वाचकाला त्याचा काय उपयोग?’ असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. असे बदल करून देणाऱ्या मॉडराइट कंपनीचंच घ्या. ओप्पोच्या बीडीपी-१०५ या ब्लू-रे प्लेअरमध्ये ते स्वतःचा व्हॅक्यूम ट्यूबचा (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅनालॉग आउटपुट, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे सिग्नल पाठवणारा भाग, बसवत, त्याचा वीजपुरवठा वेगळ्या डब्यात. हे काम ठरलेल्या आराखड्याने, गिऱ्हाइकामागून गिऱ्हाइकासाठी होत होतं. लोक त्यावर भरपूर पैसे खर्च करतात, मग तटस्थ कान त्यांना का मिळू नयेत?

मात्र परीक्षण मोजमापांसकट हवं. सीडी प्लेअरमधून बाहेर येणारा सिग्नल साधारण २ व्होल्टचा असतो. बदलानंतर तो जरासा वाढला, तरी आवाज थोडा मोठा होतो आणि कानाला तेच ‘मोकळं’ आणि ‘भरीव’ वाटतं! म्हणून मूळ आणि बदललेला प्लेअर शेजारी ठेवून, आवाजाची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून, कोणता वाजतोय हे न कळता ऐकले पाहिजेत. एवढं न करता लिहिलेली स्तुती मी तरी जमेस धरत नाही.

दुरुस्तीचंही लिहा. ओप्पोने २०१८ मध्ये डिस्क प्लेअरच्या धंद्यातून माघार घेतली. डिस्क वाचणारा लेझर पिकअप गेला तर तो कोण बदलून देणार, हे परीक्षकाने विचारलंच पाहिजे.