मदत हवी आहे: रंग खरे दाखवणारा मॉनिटर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत माझं लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं काम आहे. सध्याचा मॉनिटर टीएन पॅनेलचा (पडद्याचा एक प्रकार). मान जरा हलवली की शालूचा रंग बदलतो. छापून आल्यावर हिरवा शालू वेगळाच दिसला तर नवरीच्या घरच्यांना काय सांगायचं? त्यांचा त्या रंगावर जीव असतो.

आयपीएसच (बाजूनं पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारा पडदा) घ्यायचा, हे पक्कं. २७ इंची, १४४० पी (२५६०×१४४० पिक्सेल). एसआरजीबी (पडद्यांवरच्या रंगांची नेहमीची कक्षा) १०० टक्के हवंच, पण त्याहून मोठ्या अ‍ॅडोबी आरजीबीसाठी जास्त पैसे घालावेत का? हिरव्या-निळ्या छटा त्यात जास्त येतात, मात्र आमची छपाईची लॅब फाइल एसआरजीबीतच मागते. डेल्टा ई (खरा रंग आणि पडद्यावरचा रंग यांतला फरक) २ च्या आत असलेलं, तुम्ही स्वतः वापरत असलेलं मॉडेल सांगा. कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजून जुळवायचं यंत्र) कोल्हापुरात कुणाकडे भाड्यानं मिळेल का?