विद्यापीठाची खोली कोणाची? एम.ए.वाल्याची की एमपीएससीवाल्याची?

गणेशखिंडकर:
पुणे विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घ्यायचा, वसतिगृह मिळवायचं आणि दोन वर्षं जयकर ग्रंथालयात बसून एमपीएससी करायची, हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. मला ते पटत नाही. विभागात जागा मोजक्या. समाजशास्त्राची खरी ओढ असलेली मुलगी गुणवत्ता यादीत थोडक्यात मागे राहते आणि तिची जागा घेणारा तासाला फिरकत नाही. चार डोकी असली की सेमिनारमध्ये वाद रंगत नाही, शिक्षकही नोट्स सांगून मोकळे होतात. त्यात खोली नावावर नसताना तिथे राहणारे 'पॅरासाइट' वेगळेच. ७५ टक्के हजेरीची अट कडक पाळा आणि खोली तिच्याशी जोडा.

बालाघाटची:
दादा, आधी आमचा हिशेब ऐका. सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, मेस वेगळी, अभ्यासिकेची फी वेगळी. कोरडवाहू शेतीवरच्या घराला हे झेपत नाही. मुलीचं तर आणखी अवघड: 'एम.ए. करते' म्हटलं की घरचे स्थळं बघायचं दोन वर्षं थांबवतात, नुसत्या 'एमपीएससी'साठी पुण्याला पाठवत नाहीत. मी कमवा व शिका योजनेत काम करून मेसचे पैसे भरते. खोली लागेपर्यंत मैत्रिणीला माझ्याकडे ठेवलं, पुन्हाही ठेवीन.

गणेशखिंडकर:
मैत्रिणीला ठेवलंत ते योग्यच, ताई. पण स्वस्तात राहायची सोय करणं सरकारचं काम आहे. त्याचा भार विभागांवर टाकून वर्ग ओस पडले, तर पुढे समाजशास्त्र शिकवणार कोण?

जुना रहिवासी:
एक बदल दोघांनीही धरला नाही. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. लेखीच्या १७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे. चार पर्यायांतून उत्तर निवडायचं होतं तेव्हा वर्गात बसून हाती फारसं लागत नव्हतं. आता मॅक्स वेबरसारखा समाजशास्त्रज्ञ मुळातून वाचला असेल, तर ते उत्तरात दिसतं. विभागांनी उत्तरलेखनाचे तास ठेवावेत, मुलं आपणहून येतील.

गणेशखिंडकर:
मग विभागाचाच क्लास होईल. वेबर वाचायचा तो परीक्षेच्या उत्तरात बसवायला नव्हे. शिवाय गट ब, गट कची परीक्षा अजून पर्यायांचीच आहे.

बालाघाटची:
मी गट कचीच तयारी करते, आणि तासालाही बसते. जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही, हातात पदवी तरी हवी. हजेरीची अट लावा, माझी हरकत नाही. फक्त त्याआधी तालुक्याच्या गावी रात्री उघडी राहणारी, मुलींना सुरक्षित अशी अभ्यासिका द्या. निम्म्या मुली पुण्याला येणारच नाहीत.