लिहून-रंगवून नेमकं काय मिळालं? नागपूरकरांचा अनुभव धागा

धागाकर्ता

भाचीचा बारावीचा निकाल लागला आणि तिनं बापाला सांगून टाकलं, इंजिनीअरिंग नाही, चित्रकला. भाऊजी माझ्याकडे वळले, कारण घरात 'लिहिणारा' म्हणून शिक्का माझ्यावरच. "तू सांग बे, चित्रं काढून पोट भरते का?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. दिवाळी अंकांतून माझ्या चौदा कथा आल्यात, पण त्यांचे एकूण किती झाले हे मी कधी मांडलंच नव्हतं. रात्री वहीवर मांडलं. झेरॉक्स, कुरिअर आणि स्वतःचेच अंक विकत घ्यायचे पैसे वजा जाता मीच सहाशे रुपयांनी बुडालो होतो.

आपल्या गावात नावं कमी नाहीत. पण कवी ग्रेस मराठी शिकवायचे, नाटककार एलकुंचवार इंग्रजी. हिंदी कवी मुक्तिबोध नागपुरात होते तेव्हा रेडिओत आणि साप्ताहिकात नोकरी करायचे, आणि १९५८ साली कॉलेजातल्या नोकरीसाठीच राजनांदगावला गेले. म्हणजे पगार कुठून तरी वेगळाच. तर ज्यांनी ज्यांनी लिहिलंय, रंगवलंय, त्यांनी इथे सांगा: काय काम केलं, किती मिळाले, नाव कुठे छापलं. प्रकाशकाचं नाव नको. रडगाणं चालेल, पण आकड्यासकट.

शाईची बाटली

वय एकाहत्तर. राहणार महाल, चितार ओळीपासून, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीपासून, हाकेवर. लहानपणी गणपतीच्या आधी महिनाभर शाळेतून आलो की दप्तर टाकून तिथल्या एका घरात बसायचो. मूर्तीचे डोळे त्या घरातला सगळ्यात म्हातारा माणूस आखायचा आणि तेवढा वेळ बाकीचे बोलायचे नाहीत. माझं शिक्षण तिथलं, कॉलेज नंतर.

१९७६ साली एका दिवाळी अंकाची सात कथाचित्रं केली, दहा रुपयाला एक. तेव्हा छपाई खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या अक्षरठशांची. चित्र ब्रिस्टल बोर्डवर काळ्या शाईत काढायचं, छापायच्या मापाच्या दीडपट. ब्लॉकमेकर त्याचा फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं उठवायचा. फार बारीक रेघ असली तर ॲसिड ती खाऊन टाकायचं. राखाडी छटा पाहिजे असेल तर हाफटोन ब्लॉक, आणि तो महाग, म्हणून संपादक आधीच सांगायचे, "मास्तर, लाइनमध्येच बसवा." मग सावली पाडायची ती उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीनं. पुढे लोक म्हणू लागले की ही तुमची शैली. शैली कसली, ब्लॉकच्या खर्चात केलेली बचत होती ती. आमच्या पिढीतले सगळे चित्रकार भाऊ समर्थांच्या रेषेकडे बघत मोठे झालो, पण तशी मोकळी रेघ ओढायची तर हात त्यांचा पाहिजे.

मुखपृष्ठं मात्र रंगात, आणि ऑर्डर नेमकी मे महिन्यात. पारा पंचेचाळीसवर. जलरंगाचा वॉश टाकला की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं, मधे कडा उमटलेली. कूलर लावला तर कागद ओल धरून फुगायचा आणि शाई फुटायची. म्हणून पहाटे चार ते सात काम, कूलर बंद, बायको अंगणात झोपलेली. एक मुखपृष्ठ असं सलग चार पहाटा चाललं आणि त्याचे मिळाले सव्वाशे.

नावाचं सांगतो. एका वर्षी एका अंकात माझी बावीस चित्रं होती आणि श्रेयनामावलीत छापलं होतं, 'सजावट: संपादक मंडळ'. कोपऱ्यातली सही ब्लॉक कापताना उडवलेली. भांडलो नाही, पुढच्या वर्षीचं काम पाहिजे होतं. पण तेव्हापासून सही कोपऱ्यात करणं बंद केलं. चित्राच्या आत घालायला लागलो: माठाच्या नक्षीत, दुकानाच्या पाटीवर, पदराच्या चुण्यांत. ती कापायची तर चित्रच कापावं लागतं.

पोट भरलं ते ड्रॉइंग मास्तर म्हणून. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलेली पोरं मोजली तर हजारावर जातील.

बर्डीचा कवी

तेवीस वर्षं कविता, तीन संग्रह. आजवरची मिळकत: सोळा शाली, अठ्ठावीस नारळ. नारळांची चटणी झाली, शाली हिवाळ्यात वाटतो. रोख विचाराल तर एकदा रिक्षाभाडं दिलं होतं, एकाच बाजूचं.

दिवाणाखालची

मी शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त. पहिली कादंबरी आली तेव्हा हवेत होते. करार वगैरे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. प्रकाशक म्हणाले, "ताई, आपल्यात कागद कशाला?" मलाही ते बरं वाटलं. आवृत्ती पाचशेची, किंमत दोनशे, रॉयल्टी दहा टक्के तोंडी. दोन वर्षांनी हिशेब आला: १८७ प्रती विकल्या, म्हणजे ३,७४०. त्यातून मी स्वतः घेतलेल्या साठ प्रतींचे उरलेले पैसे वळते करून चारशे आणि काही रुपयांचा चेक. त्या साठांपैकी अडतीस अजून दिवाणाखाली आहेत. पाहुणे झोपायला आले की त्यांच्या पाठीखाली माझी नायिका.

पुढे कळलं की पुस्तक आणखी दोनदा छापलं गेलंय. एका तालुक्याच्या वाचनालयात गेले होते, तिथे कपाटात ते दिसलं, मुखपृष्ठ वेगळं, किंमत साडेतीनशे. ग्रंथपाल बिचारा म्हणाला, "तुमचंच ना हे? खूप जातं." मी तिथेच खुर्चीत बसले. पाणी मागून प्यायले.

माझी एक विद्यार्थिनी वकील आहे. तिनं समजावलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण हे मला तिशीत कळायला हवं होतं. कॉपीराइट कायदा १९५७चा. कलम १९ म्हणतं की हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी पाहिजे. तोंडी बोलण्यानं तुमचा हक्क कुणाकडे जात नाही. लेखी करार असला पण मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरतात. कुठल्या भागापुरता ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणून 'आपल्यात कागद कशाला' म्हणणाऱ्याचंच नुकसान, हे त्या गृहस्थांनाही ठाऊक नव्हतं. पत्र पाठवलं, स्पीड पोस्टानं, पोचपावती जपून. भांडण झालं नाही. दोन आवृत्त्यांचे पैसे आले, हप्त्याहप्त्यानं, आणि त्यानंतर दिवाळीचा फोन येणं बंद झालं.

जाता जाता: जुन्या पद्धतीनं प्राप्तिकर भरत असाल तर पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट मिळते. तीन लाख! मी अजून चार आकड्यांतून बाहेर पडले नाही.

टॅबलेटवाली

काकू, तुमची वकील बाई चित्रकारांसाठी पण बोलवा. कारण आमचं उलटं आहे. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते, मनीषनगरमध्ये घरूनच, कामं बहुतेक बेंगळुरू-दिल्लीची. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे की कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक पैसे देणाराच. म्हणजे लेखक गप्प बसला तर हक्क त्याच्याकडे राहतो आणि चित्रकार गप्प बसला तर जाऊ शकतो. मी हे दोन पुस्तकं झाल्यावर शिकले. दुसऱ्या पुस्तकातलं माझं माकड एका शाळेच्या बसवर फिरत होतं. अजूनही कधीकधी वर्धा रोडवर दिसतं.

पण कलम ५७ आहे, ते पाठ करून ठेवा. हक्क विकला तरी 'हे मी केलंय' म्हणायचा अधिकार विकला जात नाही.

आकडे: मला पानाप्रमाणे मिळतात. मराठीत आणि इंग्रजीत सरळ तिपटीचा फरक आहे. काही कामं खुल्या परवान्याची असतात, म्हणजे कुणीही वापरा, नाव द्या. त्यात पैसे एकदाच मिळतात, पण त्या चित्रांना गोंडी आणि कोरकूत गोष्टी लागलेल्या बघितल्या तेव्हा आईला फोन करून वाचून दाखवल्या, अर्थ दोघींनाही कळत नव्हता.

यंदा मात्र हात आखडलाय. मराठी मुखपृष्ठांची चार कामं ठरता ठरता गेली, चारही ठिकाणी एआयचं चित्र लागलं. एकीकडे बाईच्या हाताला सहा बोटं आहेत आणि नऊवारीला कासोटाच नाही. मी प्रकाशकांना कळवलं. ते म्हणाले, "लक्षात कोण घेतं?"

धागाकर्ते, तुमच्या भाचीला म्हणावं, काढ चित्रं. पण पुढे नोकरी धरलीस तर वर्षभराचा खर्च बँकेत ठेवून मगच ती सोड.

बडग्या

माझं लिखाण फक्त एका दिवसाचं असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, त्यात आमच्या वस्तीचा बडग्या, म्हणजे पुतळा, राहते. त्याच्या गळ्यातली पाटी सोळा वर्षांपासून मी लिहितो. खड्डे, महागाई, पेपरफुटी, जे त्या साली डोक्यात बसलं ते. दोन ओळीच पाहिजे, यमक पाहिजे आणि इतवारीच्या गर्दीत तिसऱ्या माळ्यावरून वाचता आली पाहिजे. संध्याकाळी जाळून टाकतात. पैसे? एक प्लेट तर्री पोहे. पण दरसाल ते खाऊनच घरी जातो.

पडद्यामागून

मी नागपुरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि झाडीपट्टीसाठी, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या गावांसाठी, नाटकं लिहायचो. दिवाळीनंतर सीझन चालू, होळीपर्यंत. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (जत्रा) असली की रात्री नाटक, पहाटेपर्यंत. कंपन्यांची ऑफिसं वडशाला. हातात हजार रुपये टेकवून लोक म्हणायचे, "एक रडवणारं द्या." तालमी नावापुरत्या, म्हणून प्रॉम्प्टर हाच खरा नट. माझं वाक्य त्याच्या तोंडून नटाच्या तोंडात जायचं आणि वाटेत बदलायचं. एकदा शेवटचा अंक बघायला गेलो तर त्यात जी मेली पाहिजे ती बाई जिवंत! मी विचारलं तर कंपनीवाला म्हणतो, "साहेब, कालच्या गावात लोकं लय रडले, आज दया आली."

पोस्टरवर मात्र लेखकाचं नाव राहायचंच, बारीक का असेना. शहरातल्या मासिकांनी इतकी कदर केली नाही.

गठ्ठेवाला

मी वीज मंडळात लाइनमन होतो. आई एम्प्रेस मिलमध्ये, म्हणजे कापड गिरणीत, कामाला होती. ती गेल्यावर तिचं लिहिलं, चौसष्ट पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे चार फॉर्मे. कुणाला दाखवलं नाही, सरळ छापून घेतलं, दोन हजार प्रती, प्रतीमागे अकरा रुपये खर्च, किंमत तीस. छापणाऱ्यानं विचारलं, "दोन हजार कशाला काका, दोनशे काढा." मी म्हणालो दसऱ्याला बघू.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर ताडपत्रीवर गठ्ठे मांडून बसलो. शेजारी बाबासाहेबांच्या ग्रंथांचे मोठे स्टॉल, मी मधे फटीत. गावाकडून आलेली माणसं जेवणाचा डबा सोबत आणतात, कारण पैसे पुस्तकांसाठी ठेवलेले असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुस्तक उचलून उभ्याउभ्या पहिलं पान वाचतात. मग विचारतात, "यात कोणतं गाव आहे?" आपल्या बाजूचं गाव निघालं की घेतातच. तीन दिवसांत १,३४० गेली. मध्यंतरी एक सर आली, दोन गठ्ठे भिजले, त्यातली प्रत पंधराला विकली.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी बाई पुस्तक परत घेऊन आली. मला वाटलं पैसे मागते. ती म्हणाली, "बाबू, भोंग्याची वेळ चुकली हाय तुयी. मी होतो तिथं." जमिनीवर बसून तिनं सगळी पाळी सांगितली, कधी भोंगा, कधी दार बंद, कुणाला आत घ्यायचे नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलं. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, आणि ते छापायला पाहिजे होतं.

धागाकर्ता

सगळं भाऊजींना वाचून दाखवलं. गठ्ठेवाल्यांच्या आकड्यावर त्यांनी मोबाइलवर गुणाकार केला आणि काही बोलले नाहीत. भाची 'शाईची बाटली' यांच्या मागे लागलीय. माझ्याकडे जुने दिवाळी अंक होते, ते घेऊन भिंग लावून बसली. रात्री अकराला ओरडली, "मामा, सापडली! रॉकेलच्या डब्यावर!" फोटो खाली टाकलाय.

शाईची बाटली

फोटो बघितला. ती सही माझी नाही. तो माझ्यापेक्षा मोठा होता, तोही तेच करायचा. माझी त्याच चित्रात नाही, पुढच्या पानावर बघायला सांगा तिला, सायकलच्या चेनकव्हरवर.