गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या तीन अर्ध्या पुरलेल्या शिळा: थडगी की वीरगळ? नोंद कशी करावी?

म्हादईकाठ:
आमच्या वाड्यावर देवराईच्या कडेला तीन कोरीव शिळा आहेत, अर्ध्या मातीत. एकीवर खाली घोडेस्वार, वर पिंडीची पूजा. दुसरीवर नुसता दुमडलेला हात. तिसरीवर चंद्रसूर्य दिसतात, बाकी मातीत. पंचायत सिमेंटचा चौथरा बांधून त्यांना ऑइल पेंट देणार आहे. त्याआधी नोंद करून ठेवायची आहे. खाली अस्थी असतील का? थोडं खणून बघावं का?

चिरेबंदी:
खणू नका. वीरगळ म्हणजे थडगं नव्हे, स्मारक आहे. वीराचं दहन व्हायचं, दगड मागाहून उभा राहायचा, तोही वेशीवर किंवा देवळाजवळ. शिवाय 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याप्रमाणे असंरक्षित जागी उत्खनन करायला राज्य सरकारलाही केंद्राची पूर्वपरवानगी लागते, मग आपली काय कथा!

पहिली शिळा वीरगळच. तो खालून वर वाचायचा: तळाला लढाई आणि पडलेला वीर, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर बहुधा कलश. तळाला गायी असतील तर गोधन राखताना आलेलं मरण. कदंब राजांच्या काळातल्या एका वीरगळावर जहाजातली लढाई आहे, जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहा.

दुसरी सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचं स्मारक. खांबातून निघालेला, कोपरात काटकोनात वळलेला हात आणि त्यात बांगड्या आहेत का तेवढं बघा.

तिसरीवर मात्र घाईने शिक्का मारू नका. चंद्रसूर्य सतीशिळेवर असतात तसे गधेगाळीवरही असतात, आणि गधेगाळ हे मृताचं स्मारकच नाही. तो दानाचा दगड, दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला. चंद्रसूर्याखाली अक्षरांच्या ओळी लागल्या तर संशय त्या बाजूला न्या.

डिचोलीचा वाटसरू:
नोंदीचं सांगतो. आधी जागेचे फोटो, शिळा जिथे जशी आहे तशी, उत्तरेची दिशा दाखवून. मग प्रत्येक शिळेची जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी आणि प्रत्येक चौकटीची उंची. "जमिनीवरची" हा शब्द लिहायलाच हवा, नाहीतर पुढचा माणूस तीच पूर्ण उंची धरून चालतो. दगड चिऱ्याचा (म्हणजे जांभ्याचा) की दुसरा, तेही लिहा. चिरा भरड असतो, त्यावर बारीक काम टिकत नाही. बारीक कोरीवकाम असेल तर दगड कदाचित बाहेरून आणलेला. शिळा मूळ जागी आहे की हलवलेली, हे वयस्कर मंडळींना विचारा. हलवलेली असेल तर तिच्या तोंडाच्या दिशेवरून काही अनुमान काढू नका.

झिजलेलं काम दुपारच्या उन्हात दिसतच नाही. काळोख पडल्यावर कॅमेरा शिळेच्या बरोबर समोर स्टँडवर ठेवा, विजेरी बाजूने दगडाला जवळजवळ चिकटवून धरा आणि एकेका बाजूने प्रकाश टाकून फोटो घ्या. 10 सेंटिमीटरची पट्टी फोटोत हवी. त्रिमितीय मॉडेल करायचं असेल तर दिवसा, सावलीत, एकमेकांवर 70 ते 80 टक्के येतील असे फोटो शिळेभोवती फिरून काढा.

अक्षरांत खडू भरू नका, आपल्याला जे अक्षर वाटतं तेच ठळक होतं आणि वाचन चुकतं. साफसफाई मऊ ब्रश आणि साधं पाणी एवढीच. दगडफूल खरवडलं की दगडाचा पापुद्रा सोबत येतो.

म्हादईकाठ:
ठसा घ्यावा का?

डिचोलीचा वाटसरू:
तुम्ही नको. ओला कागद ब्रशने ठोकून बसवावा लागतो. दगड पापुद्रे सोडत असेल तर कणही निघतात, आणि शाई झिरपली की डाग कायमचा.

केपेंकार:
चौथऱ्याबद्दल. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर दगडात चढतात, सुकताना पृष्ठभागाखाली त्यांचे खडे होतात आणि कोरीवकाम सोलून निघतं. ऑइल पेंटने ओल आतच कोंडते. गोव्याच्या पावसात हे काम वेगाने होतं. बुडाशी लेख असेल तर तोही चौथऱ्यात गाडला जाईल. शिळेभोवती सैल खडी आणि पाणी बाहेर काढणारी चर, एवढंच पुरे.

लोक तिथे तेल-शेंदूर वाहत असतील तर वाद घालू नका. गावकारांशी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांशी, आधी बोला, देवाला गाऱ्हाणं (प्रार्थना) घालून मगच हात लावा. शेंदूर तुम्ही स्वतः काढू नका. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला फोटो, मापं आणि नकाशावरचं स्थान जोडून पत्र द्या, प्रत पंचायतीला, दोन्हीकडून आवक क्रमांक घ्या. कंत्राट निघायच्या आत द्या, नंतर पत्राला कोणी विचारत नाही.