गोव्यातले नैराश्यावरचे ट्रायल: 'मानस' आणि 'हॅप' कसे वाचायचे?

तालुका_समन्वयक:
मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेचं काम आमच्या गटात वाचतोय. २०१० च्या 'मानस' ट्रायलमध्ये (म्हणजे उपचारांच्या चाचणीत) तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांमुळे सरकारी केंद्रांत फरक दिसतो, खासगी दवाखान्यांत दिसत नाही. २०१७ च्या 'हॅप' ट्रायलमध्ये मात्र तशाच समुपदेशकांचं समुपदेशन चांगलंच लागू पडलं. मग तज्ज्ञ नसलेला समुपदेशक उपयोगी पडतो, असं सरसकट म्हणायचं का? आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात करायचं तर यातलं काय घ्यायचं?

आकडेमोड:
आधी कंट्रोल गट बघा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, समुपदेशक न दिलेला गट. 'मानस'मध्ये १२ सरकारी आणि १२ खासगी ठिकाणं होती. निदान पक्कं झालेल्यांपैकी सहा महिन्यांत बरे झालेले सरकारीत ६५.९ टक्के, कंट्रोलमध्ये ४२.५. खासगीत ६४.१, आणि कंट्रोलमध्ये ६५.९! म्हणजे खासगीत नेहमीच्या उपचारांनीच तेवढे लोक बरे होत होते, समुपदेशकाला भर घालायला जागाच उरली नव्हती. म्हणून 'सरसकट' हा शब्द काढा.

दोन्ही ट्रायलची थेट तुलनाही करू नका. 'मानस' हा टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेल्या उपचारांचा संच होता: माहिती देणं, गरजेप्रमाणे औषध, आंतरवैयक्तिक मानसोपचार (नात्यांतल्या अडचणींवर काम करणारा), वर तज्ज्ञाची देखरेख. रुग्णांत सौम्य चिंता-नैराश्यवालेही होते. 'हॅप' फक्त पीएचक्यू-९ वर (नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) १५ किंवा जास्त गुण असलेल्यांसाठी, १० केंद्रांत, ४९५ जणांवर. तिथे कंट्रोल गटालाही नुसता नेहमीचा उपचार नव्हता; डॉक्टरला गुण कळवले जात आणि मार्गदर्शिका दिलेली होती. तरी तीन महिन्यांनी रेमिशन (लक्षणं जवळपास ओसरणं) ६४ टक्के विरुद्ध ३९. बारा महिन्यांनी ६३ विरुद्ध ४८. अंतर कमी झालं ते कंट्रोल गट सुधारल्यामुळे, हे वाचताना निसटतं.

सत्र_नोंदवही:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'हॅप'चा गाभा बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे टाळलेली कामं पुन्हा थोडी थोडी सुरू करून मन सावरणं: ६ ते ८ सत्रं, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटं. माणूस कामं आणि भेटीगाठी टाळतो, त्याने मन आणखी खचतं, मग आणखी टाळतो. हे चक्र त्याच्याच आठवड्यातल्या उदाहरणावरून दाखवायचं. मग एकच छोटं काम ठरवायचं आणि पुढच्या वेळी सगळ्यात आधी तेच विचारायचं.

बिघडतं ते इथेच. 'जरा फिरत जा' हा सल्ला झाला. 'मंगळवारी सकाळी सातला शेजारणीबरोबर देवळापर्यंत' हे काम झालं. काम झालं नाही तर रागवायचं नाही. अडचण कुठे आली ते शोधायचं, काम निम्मं करायचं. सुरुवातीला 'नैराश्य' शब्दही रेटू नका. लोक झोप, अंगदुखी, थकवा, 'टेन्शन' सांगत येतात, तिथूनच बोलणं सुरू करा.

आकडेमोड:
पीएचक्यू-९ विचारण्यातही चूक होते. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहे. 'कधीकधी' असं उत्तर आलं की लगेच गुण लिहू नका, '१४ पैकी साधारण किती दिवस?' विचारा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी इजा करून घेण्याची योजना आहे का, त्याचं साधन हाताशी आहे का आणि सोबत कोण आहे ते विचारायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. हे ठरलेलं नसेल तर तपासणी सुरूच करू नका.

तालुका_समन्वयक:
आभार. हे काम आशा कार्यकर्तींकडे दिलं तर?

सत्र_नोंदवही:
ओळख आणि पाठपुरावा त्यांच्याकडे देता येईल. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमाने गावपातळीवरचे कार्यकर्तेच वापरले. नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. त्याला कंट्रोल गावं नव्हती, हे ध्यानात ठेवा.

पूर्ण सत्रं मात्र आशाताईंच्या इतर कामांवर लादू नका. आणि सुपरव्हिजन, म्हणजे समुपदेशकांच्या कामावरची देखरेख, कधीही कापू नका. गोव्यात समुपदेशक रुग्णाच्या संमतीने सत्रं रेकॉर्ड करत, गटात ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण देत. बजेट आखताना पहिली कात्री यालाच लागते, आणि मग सहा महिन्यांत सत्राचं रूपांतर उपदेशात होतं. दर आठवड्याचा एक ठरलेला वार आणि रेकॉर्डिंग ऐकायला दीड-दोन तास, एवढं आधी नक्की करा. समुपदेशकांची संख्या त्यावरून ठरवा.