मदत हवी आहे: २०१३ ची पेट्रोल गाडी घाटात झटके देते, ॲव्हरेज १६ वरून ११ वर आलं

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ च्या अखेरची, १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल आहे. १ लाख १८ हजार किमी झालेत. सीएनजी कधीच बसवलेला नाही. आम्ही साताऱ्यात राहतो आणि आईच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी पुण्याला नेहमी जावं लागतं. आईला घेऊन घाटात अडकायची वेळ येऊ नये, एवढीच काळजी आहे.

गाडी सकाळी पहिल्या चावीला सुरू होते. सिग्नलला उभी असली की मात्र इंजिन थरथरतं, स्टिअरिंगवर हात ठेवला की लगेच जाणवतं. सपाट रस्त्यावर ऐंशीने नीट पळते. पुण्याहून परतताना खंबाटकीचा चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला, की झटके सुरू होतात, पिकअप जातो आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. चढ संपला की लुकलुकणं थांबतं, पण दिवा लागलेलाच राहतो.

ॲव्हरेज मी दरवेळी एकाच पंपावर टाकी फुल करून काढते. पंप आपोआप बंद झाला की थांबायचं, वरून आणखी भरायचं नाही. सातारा-पुणे या रस्त्यावर पूर्वी १६-१७ मिळायचं, आता ११ मिळतं.

आतापर्यंत चारही प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ करून घेतले. फरक शून्य. गॅरेजमध्ये आधी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितला, आता हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून वॉल्व्हचं काम करावं लागेल म्हणतात. पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) अजून कोणी मोजलेलंच नाही. म्हणून मी स्वतः ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आणून लावला. कोड आला पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर नीट पेटत नाही. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर (ईसीयू) नेहमीपेक्षा किती जास्त पेट्रोल देतोय ते, उभ्या गाडीत अधिक १४ टक्के दाखवतंय.

आणखी एक, संबंध आहे की नाही माहीत नाही. उन्हाळ्यात गाडी गरम होत होती म्हणून रेडिएटरचं काम केलं. तेव्हापासून गरम होत नाही, पण काटा पूर्वी अर्ध्यावर असायचा, तो आता पावाच्या जरासाच वर जातो.

हेड उतरवण्याआधी कमी खर्चात काय काय तपासून घेता येईल? आणि झटके व ॲव्हरेज हे एकच दुखणं आहे की दोन?

प्रतिसाद, डोंबिवली

ताई, ई२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) परिणाम आहे हा. आमच्या सोसायटीत सगळ्या जुन्या गाड्यांची हीच रड आहे. काही बदलू नका, पैसे वाया जातील.

प्रतिसाद, नाशिक

ई२० ने ॲव्हरेज कमी होतं हे खरं आहे, पण किती, ते बघू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. १६ चं १५ होईल. ११ होणार नाही. शिवाय इथेनॉलचा दोष असता तर चारही सिलिंडरमध्ये दिसला असता. इथे कोडमध्ये एकट्या तिसऱ्याचं नाव आलंय.

प्रतिसाद, कोल्हापूर

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो. दिवा लुकलुकत असेल तेव्हा गाडी जोरात चालवू नका. नुसता लागलेला दिवा म्हणजे सवडीने तपासा. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीत जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतंय. त्याने कन्व्हर्टर तापून निकामी होतो, आणि त्याची किंमत तुमच्या आत्तापर्यंतच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त असेल. दिवा लुकलुकला की पाय हलका करा, जमलं तर बाजूला घ्या. आणि दोष सापडेपर्यंत आईंना घेऊन घाटात जाऊ नका.

आता कोडकडे येऊ. पी०३०० आला असता तर कुठलाही सिलिंडर कधीही मिसिंग करतोय (पेटायचा राहतोय) असा अर्थ होता, मग पेट्रोलचा दाब, हवेची गळती अशा सगळ्यांना सामाईक गोष्टी शोधाव्या लागल्या असत्या. पी०३०३ म्हणजे फक्त तिसरा. म्हणजे तिसऱ्याचं स्वतःचं काहीतरी: कॉइल, प्लग, इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन. मिश्रण बघणारा पुढचा ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरचा मिळून एक असतो, तो एकट्या तिसऱ्याला कसा त्रास देईल? सेन्सर विकत घेतला नसेल तर घेऊ नका.

ट्रिमचं कोडं पण इथेच सुटतं. तिसऱ्यात ठिणगी पडली नाही की तिथलं पेट्रोल जळत नाही, पण तिथली हवाही जळत नाही. तो ऑक्सिजन तसाच सेन्सरपर्यंत पोचतो. सेन्सरला पेट्रोल मोजता येत नाही, ऑक्सिजन मोजता येतो. तो ईसीयूला सांगतो की मिश्रण पातळ आहे. ईसीयू बिचारा चारही सिलिंडरमध्ये पेट्रोल वाढवतो. म्हणजे एक सिलिंडर काम करत नाही आणि उरलेले तीन गरजेपेक्षा जास्त पितात. तुमचं ॲव्हरेज बरंचसं इथेच जातंय. खात्रीसाठी गाडी गरम असताना २५०० आरपीएमवर धरून ट्रिम बघा. उभ्या गाडीत जास्त आणि रेसवर एकदम कमी झाला तर इनटेकमध्ये हवेची गळतीही असू शकते, मग तिथले रबरी पाइप बघा. भार वाढला की ट्रिमही वाढत गेला तर पेट्रोलचा दाब कमी पडतोय.

आता तपासणी. एक रुपया खर्च न होणारी. इंजिन थंड असताना तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसा. सपाट रस्त्यावर थोडी चालवा. पी०३०१ आला तर कॉइल गेली, विषय संपला. पी०३०३ च राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टरची. प्रत्येक वेळी एकच वस्तू हलवायची. दोन हलवल्या तर कोणाचा दोष ते कळत नाही.

जुन्या गाड्यांवर चालू इंजिनात प्लगची वायर उपटून बघायची सवय काही फिटरना अजून आहे. तुमच्या गाडीत चालू इंजिनावर कॉइल उपटू देऊ नका, तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात, शॉक बसतो आणि ईसीयूही जाऊ शकतो. चालू इंजिनात बघायचंच असेल तर इंजेक्टरचं कनेक्टर एकेक काढून बघायला सांगा. ज्याचं कनेक्टर काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर झोपलेला.

घाटातच का, हेही सांगतो. जोर दिला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. अधू कॉइल सपाटीवर कशीबशी भागवते, चढाला हात टेकते. म्हणून माझा पहिला संशय कॉइलवर. पण ती का गेली तेही बघा. कॉइल बाहेर काढली की टॉर्च मारून प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) बघा. आत ऑइल साचलंय का? टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि विहिरीभोवतीचे सील कडक झाले की तिथून ऑइल झिरपतं, कॉइलचं रबर फुगतं, आणि ठिणगी प्लगऐवजी बाजूच्या भिंतीत जाते. ते तसंच ठेवून नवी कॉइल बसवली तर तीही जाईल.

आता तापमानाचं. तुम्ही शेवटी लिहिलंत, पण माझ्या मते ते दुसरं दुखणं आहे. गाडी गरम होते म्हटल्यावर थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून टाकायचा, हा प्रकार मी खूप पाहिलाय. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन पुरतं तापतच नाही. ईसीयूला वाटतं इंजिन थंड आहे, तो थंड इंजिनासारखं जास्त पेट्रोल देतो. ऑइल जाड राहतं, घर्षण वाढतं, झीज वाढते. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. हायवेवर पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर साधारण ८०-९० अंश हवं. साठ-पासष्टला अडकत असेल तर वॉल्व्ह नाही किंवा उघडा अडकलाय.

हेड उतरवायचा निर्णय फक्त कॉम्प्रेशन टेस्टनंतर. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चावी मारायची. आकड्यांत १०-१५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर हेडला हात लावू देऊ नका. तिसऱ्याचा आकडा फारच कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला लावा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह. तेव्हाच हेड.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने केलं. आमच्याच आळीतल्या एका फिटरकाकांना सोबत घेतलं होतं.

कॉइल काढली तर तिसऱ्याच्या विहिरीत ऑइल होतं, आणि कॉइलचं रबर खालून मऊ, फुगलेलं, एका बाजूला बारीक काळी रेघ. विहीर पुसून कॉइल पहिल्यावर लावली, कोड पुसला, महामार्गाच्या सेवा रस्त्याने चालवून आणली. पी०३०१ आला! काका म्हणाले, हेड उतरवलं असतं तरी गाडी तशीच झटके देत राहिली असती, कारण जुनीच कॉइल परत बसली असती.

२५०० वर ट्रिम अधिक ११ होता, फार कमी झाला नाही. पाइप सगळे बघितले, तडा कुठे नाही.

तापमान हायवेवर ६३ च्या वर गेलंच नाही. पाणी काढून हाउसिंग उघडलं तर आत वॉल्व्ह नव्हताच, नुसतं पॅकिंग लावून बंद केलेलं.

आता कंपनीची नवी कॉइल, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि विहिरींचे सील, थर्मोस्टॅट, नवं कूलंट, एवढं बसवलं. कॉम्प्रेशनही मोजून घेतलं: १७२, १७०, १६५, १७३ पीएसआय. इंजिन उभ्या गाडीत शांत आहे, तापमान ८६ ला स्थिर. खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये एका दमात चढली, दिवा लागला नाही. ट्रिम हळूहळू उतरत अधिक ३ वर आलाय. पहिल्या फुल टाकीचं ॲव्हरेज १५.४.

आता एकच शंका. इतके दिवस दिवा लुकलुकत होता, तर कन्व्हर्टर वाचला असेल का? हे कसं कळेल?

प्रतिसाद, कोल्हापूर

१५.४ म्हणजे ई२० धरून तुमचं जुनं ॲव्हरेज जवळपास परत आलं. टायरची हवा आणि ब्रेक चिकटत नाहीत ना एवढं बघून घ्या. लांबून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात धरा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक उघडून साफ करून घ्या.

कन्व्हर्टरसाठी स्कॅनरवर त्याच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे ग्राफ लावा. गाडी गरम, २५०० आरपीएम. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होत राहायला हवा. मागचा ०.६-०.७ च्या आसपास बराचसा स्थिर राहिला तर कन्व्हर्टर काम करतोय. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला तर तो गेलाय, आणि मग काही दिवसांत पी०४२० कोड येईलच.

धागाकर्ती

आत्ताच बघून आले. मागचा ०.६८ च्या आसपास आहे, अगदी किंचित हलतो. पुढचा व्यवस्थित वरखाली होतोय. पी०४२० नाही. चाकंही चारही सारखीच कोमट आहेत. उद्या पहाटे आईला घेऊन निघतेय.