मदत हवी: स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी 'एक्झोसोम टेस्ट' करून घ्यावी का? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारतेय. वय ६१, राहणार महाल. दिवाळीनंतर अचानक शुगर निघाली. घरात कोणालाच मधुमेह नाही. गोळ्या सुरू आहेत, जेवण नीट आहे, तरी पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. 'शुगरवाल्यांचं वजन उतरतंच' असं सगळे म्हणतात. मला पटत नाही, कारण मोठे काका स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले आणि त्यांचंही असंच सुरू झालं होतं. कावीळ दिसेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता.

रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये परत शुगर तपासायला गेलो तर काउंटरवर गुळगुळीत पत्रक हातात ठेवलं: 'एक्झोसोम तंत्राने एका थेंबात कॅन्सरचं निदान'. किंमत वाचून बाबांनी ते तिथेच घडी करून माझ्या पर्समध्ये कोंबलं. घरी येऊन शोधलं. २०१५ साली 'नेचर'मध्ये आलंय की एक्झोसोमवरचं, म्हणजे पेशींनी रक्तात सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांवरचं (पुटिकांवरचं), ग्लिपिकन-१ हे प्रथिन पाहिलं तर कॅन्सरचे रुग्ण आणि निरोगी माणसं अगदी स्वच्छ वेगळी काढता येतात. मग एकही डॉक्टर ही टेस्ट लिहून का देत नाही? लघवीत आणि लाळेतही पुटिका असतात म्हणे, मग सुई तरी कशाला?

सीए १९-९ (या कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या एका द्रव्याची रक्ततपासणी) केली आहे, ३१ आली. मर्यादा ३७ ची, म्हणून फॅमिली डॉक्टर 'नॉर्मल' म्हणाले. आता पुढे काय करू?

सेंट्रिफ्यूज:
ताई, पुटिका वेगळ्या करणं हाच माझा रोजचा उद्योग, म्हणून स्पष्ट सांगतो. पत्रक रद्दीत टाका.

शास्त्र खोटं नाही. जवळपास प्रत्येक पेशी अशा पिशव्या बाहेर सोडते. एक्झोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे, आणि त्यांच्यात मूळ पेशीची प्रथिनं, आरएनए, डीएनएचे तुकडे असतात. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत केआरएएस जनुक बिघडलेलं असतं आणि तो बिघाड पुटिकांमध्येही सापडलाय. पण रक्तातल्या बहुतेक पुटिका प्लेटलेट आणि रक्तपेशींच्या. गाठ लहान असेल तर तिच्या मूठभरही नसतात. त्यात लायपोप्रोटीनचे, म्हणजे रक्तातली चरबी वाहणारे, कण त्याच मापाचे. सेंट्रिफ्यूज यंत्रात एक लाख जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने) तासन्‌तास फिरवलं तरी ते खाली सोबत येतातच. नळी आदळली किंवा फिरवायला उशीर झाला की प्लेटलेट आणखी पुटिका सोडतात, म्हणजे एकाच माणसाच्या दोन नळ्यांचे आकडे जुळत नाहीत. एका थेंबात काय कपाळ निदान होणार?

तुम्ही वाचलेलं काम अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या रघू कल्लुरींच्या गटाचं. निकाल डोळे दिपवणारा होता, पण पुढे इतरांना ग्लिपिकन-१ ने तेवढं स्वच्छ वेगळं काढता आलं नाही. २०१७ च्या एका अभ्यासात तर एक्झोसोममधल्या मायक्रोआरएनएचा (आरएनएच्या छोट्या रेणूंचा) संच त्याहून सरस ठरला. काम जोरात सुरू आहे, पण दवाखान्यात वापरावी अशी खात्रीची टेस्ट अजून हातात नाही.

लघवीचं म्हणाल तर प्रोस्टेटसाठी अशी टेस्ट अमेरिकेत वापरतात, कारण त्या ग्रंथीचा स्राव थेट मूत्रमार्गात उतरतो. स्वादुपिंडाचा रस उतरतो लहान आतड्यात. तो घ्यायचा तर दुर्बीण घालावी लागते.

धंतोलीकर काकू:
अगं पोरी, सीए १९-९ नॉर्मल आली म्हणून निवांत नको राहू. शंभरातल्या पाच-दहा जणांच्या शरीरात ते बनतच नाही. आणि साध्या काविळीतही ते वाढतं, म्हणून वाढलं तरी लगेच कॅन्सर समजायचं नाही.

सरळ गॅस्ट्रोच्या (पोटविकाराच्या) डॉक्टरांना दाखव. पन्नाशीनंतर नवी शुगर, त्यात वजन उतरून राहिलं आणि सख्ख्या भावाला हा आजार, या तिन्ही गोष्टी एका दमात सांग. सीटी सांगितला तर स्वादुपिंडासाठीचा कॉन्ट्रास्ट सीटी आहे ना, हे विचारून घे. नुसत्या सोनोग्राफीत गॅसमुळे शेपटाकडचा भाग बरेचदा दिसतच नाही. सीटीत शंका राहिली तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी, करतात. कॉन्ट्रास्टचं औषध देतात म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी करून ने आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी सुरू असेल तर सांग. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात गॅस्ट्रो विभाग आहे, खर्चाचं पाहायचं असेल तर तिथेच जा.

घाबरू मात्र नको बाप्पा. पन्नाशीनंतर नव्याने शुगर निघालेल्या शंभरातल्या जेमतेम एकाला पुढच्या तीन वर्षांत हे निघतं. बाबांचं पारडं वजन आणि काकांमुळे थोडं जड आहे, एवढंच.

धागाकर्ती:
काकू, सेंट्रिफ्यूज दादा, खूप आभार. मेडिकललाच जातो. काकांची जुनी कागदपत्रं लागतील का?

सेंट्रिफ्यूज:
हो, मुख्यतः बायोप्सीचा रिपोर्ट. कोणत्या प्रकारचा कॅन्सर होता ते त्यावर असतं. बीआरसीए २ सारख्या, घराण्यात कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जनुकांची तपासणी बाबांना लागेल का, हे डॉक्टर त्यावरून ठरवतील. घरात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही लिहून न्या, आत्याबाईंसकट.